केसपेपरवर उस्तादाचं नाव

डॉक्टर केसपेपर स्वतः लिहायचे. आठ खाटांचं हॉस्पिटल होतं, हाताखाली दोन नर्स होत्या, दारात टेबल-खुर्ची टाकलेली होती. तरी पेशंटचं नाव लिहिण्याचं काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. "नाव नीट लिहिलं की अर्धी तपासणी झाली," असं त्यांचं म्हणणं. उरलेली अर्धी ते आत करत, आणि मोठ्याने करत.

मोठ्याने, कारण हॉस्पिटलच्या तिन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग होते. चाळीस वर्षं त्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज एकाच उंचीवर बसला होता. वीज गेली की अख्खी गल्ली गप्प होई. डॉक्टर मात्र त्याच आवाजात बोलत राहत, आणि कुणाला मूळव्याध आहे हे रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला कळे. वनिताताई त्यांच्या सर्वांत जुन्या नर्स, दिघाशीहून रोज येणाऱ्या. त्या आतूनच ओरडत, "डाक्टर, लाइट गेलीय!" मग डॉक्टर शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, हळू आवाजात म्हणत. त्यामुळे आधीचं वाक्य पुसलं जातं अशी त्यांची समजूत असावी.

मी त्यांच्याकडे पेशंट म्हणून गेले नव्हते. मी ज्या वर्तमानपत्रात होते त्याचं भिवंडीचं कार्यालय बंद झालं आणि मला कंत्राटी नोकरी मिळाली. तालुक्यातल्या छोट्या दवाखान्यांना आणि हॉस्पिटलांना सरकारच्या डिजिटल आरोग्य योजनेत आणायचं, हे काम. दवाखान्याची नोंदणी करायची, सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, माणसं शिकवायची. प्रत्येक पेशंटला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो, त्याची कागदपत्रं त्या क्रमांकाला जोडली जातात, आणि अशा नोंदी ठरलेल्या प्रमाणात झाल्या की दवाखान्याला सरकारकडून अर्थसाहाय्य मिळतं. मोठ्या हॉस्पिटलांना ते फारसं लागत नाही. आठ खाटांच्या हॉस्पिटलला लागतं. सॉफ्टवेअरची वार्षिक फी त्यातून निघाली नाही, तर पुन्हा कागदावर यायचं, एवढा साधा हिशेब होता.

माझ्याकडे वडप्याच्या गोदामांजवळच्या दवाखान्यांपासून शहरातल्या सूतिकागृहांपर्यंत बरीच केंद्रं होती. त्या सगळ्यांत या हॉस्पिटलचा प्रस्ताव सर्वांत उशिरा गेला आणि सर्वांत उशिरा मंजूर झाला. नोकरीतल्या त्या वर्षांकडे मागे वळून पाहताना मला अभिमान वाटतो तो त्याच एका कामाचा. आधी माझी चूक सांगावी लागेल. त्याच्याही आधी डॉक्टर.

डॉक्टर भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. घरचे लूम होते, भाऊ अजून ते चालवत. मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी एक अट घातली: लूमवाल्याच्या पोरानं आधी लूम शिकायचा, मग बाकीचं. म्हणून पावसाळ्याचे चार महिने त्यांनी एका उस्तादाच्या हाताखाली काढले. तुटलेला धागा जोडताना उशीर झाला की उस्ताद कान पिरगाळत. "शरीरशास्त्राच्या मास्तरांची नावं विसरलो," डॉक्टर सांगत, "उस्ताद नाही विसरलो. कान विसरू देत नाही."

सत्तरी ओलांडल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. मी शिकवला. पहिल्या दिवशी त्यांनी टेबल आडवं फिरवून घेतलं. डॉक्टरच्या समोर स्क्रीन आणि पेशंटच्या समोर स्क्रीनची पाठ, ही मांडणी त्यांना मंजूर नव्हती. "त्याच्याबद्दल लिहितोय, तर त्याला दिसायला नको?" त्यांच्या निम्म्या पेशंटांना वाचता येत नव्हतं, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी नवा नियम केला: टाइप करायचं ते मोठ्याने वाचत टाइप करायचं, आणि नवीन काही लिहिण्याआधी मागच्या भेटीचंही वाचायचं. एका पेशंटला त्यामुळे दुप्पट वेळ लागे. बाहेर बाकावर बसलेल्यांची कुरकुर चाले. "क्या डॉक्टरसाब, न्यूज पढ़ रहे हो?" असं कुणी विचारलं, तर आतून उत्तर येई, "हाँ, तेरी ही आनेवाली है, बैठ."

कॉम्प्युटरला ते 'आप' म्हणत. स्क्रीन अडकली की हात जोडून, "आप इत्मिनान से कीजिए, हमारा क्या है." हा विनोद होता की नाही ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, कारण माणसांवर रागावले की ते असेच बोलत. मला ते 'पत्रकारबाई' म्हणत, 'तुम्ही' म्हणत. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की वनिताताई ट्रे उचलून खोलीबाहेर जात.

सॉफ्टवेअरशी त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि त्या भांडणात ते बरोबर होते.

लूमवर काम करायला उत्तरेतून, तेलंगणातून आलेली माणसं इथे बिस्सीत जेवतात. बिस्सी म्हणजे कामगारांची खानावळ. एकेका बिस्सीत पन्नास-साठ जण. अनेकांचे मोबाइल नंबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, म्हणून दवाखान्यात ते बिस्सीवालीचा नंबर देतात. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते. कागद बनवणाऱ्यानं टाकली ती एक जानेवारी. डॉक्टरांचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं: "एक जानेवारीला एवढी बाळंतपणं खरंच झाली असती, तर आम्ही डॉक्टर लोक डिसेंबरात झोपून घेतलं असतं." नावंही तीच तीच. "नाव टोपणासारखं असतं, पत्रकारबाई. कुठल्याही बाटलीला बसतं. आत काय आहे ते टोपण नाही सांगत."

म्हणून ते एक प्रश्न जास्तीचा विचारत. कागदाच्या केसपेपरवर वर्षानुवर्षं उजव्या कोपऱ्यात 'उ.' लिहून पुढे एक नाव असे. उस्तादाचं नाव. तुला लूम कुणी शिकवला? हा प्रश्न कळायला वेळ लागत नसे आणि उत्तरही अडत नसे. चादर विणणारा असो की साधा मलमलवाला, पहिला लूम कुणी शिकवला हे माणूस विसरत नाही.

"वडिलांचं नाव विचारा ना," मी म्हटलं होतं.

"वडिलांचं नाव कागदावर असतं. कागद असला की चूक असते. एका ठिकाणी रशीद, दुसऱ्या ठिकाणी रसीद, तिसऱ्या ठिकाणी काकाचंच नाव. उस्तादाच्या नावाचा कागद कोणतंही ऑफिस बनवत नाही. म्हणून त्यात चूक नाही."

सॉफ्टवेअरमध्ये उस्तादासाठी रकाना नव्हता. डॉक्टर ते नाव पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत टाकत. मी हरकत घेतली. पत्त्यात पत्ताच हवा. ते म्हणाले, "भिवंडीत खोली सहा महिन्यांत बदलते. उस्ताद बदलत नाही. कायमचा पत्ता कोणता झाला?"

नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर जुळला की सॉफ्टवेअर दोन नोंदींवर एक पिवळी पट्टी दाखवी: 'संभाव्य दुबार नोंद'. खाली दोन बटणं. एक 'एकत्र करा'. दुसरं 'वेगळ्या व्यक्ती', आणि ते दाबलं की कारण लिहायला एक चौकोन उघडे. डॉक्टरांनी यांतलं एकही बटण कधी दाबलं नव्हतं. पेशंट समोर आल्याशिवाय दाबणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची यादी वरपासून खालपर्यंत पिवळी. पट्ट्या निकाली निघाल्याशिवाय प्रस्ताव पुढे जात नव्हता, आणि आमच्या कार्यालयाच्या साप्ताहिक तक्त्यात माझ्या नावापुढे हे एकच केंद्र अडकून होतं.

एका शुक्रवारी दुपारी डॉक्टर नमाजला गेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसले. प्रशिक्षणासाठी मला पासवर्ड दिलेला होता. यादीचं पहिलं पान मी 'साफ' केलं. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीतली उस्तादांची नावं पुसली, कारण ती पत्ता नव्हती. मग एकेका पट्टीवर 'एकत्र करा' दाबलं. वनिताताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, डाक्टरांना इचारला का?"

"ते येईपर्यंत होऊनही जाईल."

"तेच तं मी सांगते हाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या पानावरच्या बाकीच्या जोड्या खरोखरच दुबार होत्या. एकाच माणसाची दोनदा नोंद झालेली. एक जोडी तशी नव्हती. दोघंही मोहम्मद सलीम, दोघंही एक जानेवारीचे, एकाच सालचे, एकाच बिस्सीत जेवणारे.

सोमवारी त्यांतला एक आला. लूमवर हात फाटला होता, जखम चिघळली होती. डॉक्टरांनी नाव काढलं, औषधांच्या ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असल्याचं पाहिलं आणि इंजेक्शन सांगितलं. वनिताताईंनी सुई भरली. तेवढ्या वेळात डॉक्टर नेहमीप्रमाणे मागची भेट वाचायला लागले.

"फिट की गोलियाँ दी थीं, चालू हैं?"

"फिट? किसको?"

"तुझको."

"मेरेको कायको फिट आएगी साब? हाथ फटा है मेरा."

डॉक्टरांनी मान वर केली. "पिछले साल सुई से पूरा बदन सूज गया था, वो तू था क्या?"

"हाँ, वो मैं ही था," सलीम हसला. "आपने तो बोला था, अबकी बार लगी तो सीधा ऊपर जाएगा."

"डाक्टर, मारू का?" वनिताताईंनी पडद्याआडून विचारलं. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. लूम चालू होते.

डॉक्टर उठले, त्यांच्या हातातली सुई घेतली, टोपण लावलं आणि ट्रेमध्ये ठेवली. मग जखम धुतली, पट्टी बांधली, दुसऱ्या गोळ्या दिल्या. सलीमला संध्याकाळी पुन्हा यायला सांगितलं. तो गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आपण काय केलंत ते जरा सांगाल का?"

वनिताताई ट्रे घेऊन बाहेर गेल्या.

मी सांगितलं. बातमी सांगावी तसं: कधी, कुठे, किती, कसं. दोन माणसांच्या नोंदी तारखेप्रमाणे एकात एक मिसळल्या होत्या आणि ॲलर्जीच्या रकान्यात दुसऱ्या सलीमचं उत्तर जाऊन बसलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. एकत्र झालेली नोंद वेगळी करता येत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. दोन्ही माणसं समोर बसवून नव्यानं लिहिणं, हा एकच मार्ग होता. एक सापडला होता. दुसरा, फिटचा, त्याच आठवड्यात गोळ्या न्यायला येणार होता. पण कोणत्या गोळ्या किती द्यायच्या, कोणती भेट कुणाची, हे आता त्या पडद्यावरून कळणार नव्हतं.

वनिताताई म्हणाल्या, "बिस्सीवाल्या खालाला फोन लावू का?"

"आणि काय सांगणार? फिटवाल्याला पाठवून दे?" डॉक्टर म्हणाले.

हा दुसरा सलीम पूर्वी लूमवर होता. आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी त्याला लूमवरून उठवून कापडाच्या घड्या घालण्याच्या कामावर जायला लावलं. मालकाला त्यानं नजर कमी झाल्याचं कारण दिलं होतं. फिटचं कळलं असतं तर घडीचं कामही गेलं असतं आणि खोलीही. खोली मालकाचीच होती. त्याची भेट डॉक्टर दार लावून वाचत, म्हणून ही गोष्ट भिवंडीत तीनच माणसांना माहीत होती: तो, डॉक्टर आणि वनिताताई. मी चौथी झाले.

दुपारच्या जेवणाला आम्ही बिस्सीत गेलो. डॉक्टर पुढे, मी मागे. पायाखाली जमीन हलत होती. खालच्या मजल्यावर लूम होते. जमिनीवर दोन रांगांत माणसं जेवत होती. डॉक्टरांना पाहून खाला हातातलं पळीपातेलं घेऊनच आली.

"डॉक्टरसाब, आप? किसका खून, किसकी शक्कर, सब मेरे फोन पे आता है. आज आप खुद आ गए?"

"मोहम्मद सलीम कौन है?" डॉक्टरांनी विचारलं.

पाच हात वर झाले. एक डावा, कारण उजवा भातात होता.

"सलीम तो मेरे यहाँ दाल से ज़्यादा हैं," खाला म्हणाली.

पट्टी बांधलेला सलीम शिफ्टवर होता, तो यांत नव्हता. या पाचांतला एक आमचा होता. चेहरा डॉक्टरांना ठाम आठवत नव्हता. शंभर जणांच्या ओपीडीत वर्षातून दोनदा पाहिलेला. कुणाला काय होतं, हे विचारायचं नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात तिथे काहीही विचारलं असतं तरी ते खालच्या लूमपर्यंत गेलं असतं. ते खाली बसले, रांगेसमोर, मांडी घालून. आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदा इतका हळू ऐकला.

"उस्ताद कौन?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"शकील उस्ताद, मऊवाले."

"तेरा?"

"अपने अब्बा."

तिसरा विशीतला होता. "यूट्यूब," तो म्हणाला. सगळी रांग हसली. "अरे इसका धागा भी नेट पे ही टूटता है," कुणीतरी म्हणालं.

"तेरा?"

"हाशिम... नहीं, वो तो बाद में. पहला असलम भाई."

पाचवा सावकाश घास गिळत होता. "राजय्या," तो म्हणाला. "अब नहीं रहे. सोलापूर चले गए थे, उधर ही..."

डॉक्टरांनी मान हलवली. एक सलीम आणि त्याचा तेलुगू उस्ताद. त्यांनीच तो पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहिला होता, मी तो पुसला होता, आणि त्यांच्या डोक्यातून तो पुसला गेला नव्हता.

"तेरे चश्मे का नंबर आया है," ते त्याला म्हणाले. "शाम को आके ले जा."

त्या सलीमनं क्षणभर डॉक्टरांकडे पाहिलं. त्यानं चष्म्यासाठी कधी डोळे तपासलेच नव्हते. "जी," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला.

"आज डॉक्टरसाब का गला बैठा है क्या?" खाला मला विचारत होती.

पुढे सगळ्या पिवळ्या पट्ट्या आम्ही पेशंट येईल तसतशा, एकेक करून निकाली काढल्या. त्याला काही महिने लागले. प्रस्ताव एका फेरीनं मागे पडला, माझं नाव तक्त्यात तळाला राहिलं, आणि मग साहाय्य मंजूर झालं. दरम्यान मी कार्यालयाला टिपण दिलं. त्यावरून सर्व केंद्रांना तीन वाक्यांचं परिपत्रक गेलं: दोन नोंदी पेशंटच्या गैरहजेरीत एकत्र करू नयेत. एकत्र करण्याआधी पेशंटला असा एक प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर कोणत्याही कागदावर नाही. तो प्रश्न त्या त्या गावानं ठरवावा. मसुदा माझा होता. वर्तमानपत्रात माझ्या नावानं बरंच काही छापून आलं आहे. त्यांतलं एकही मी जपून ठेवलेलं नाही. हे परिपत्रक ठेवलं आहे. त्यात डॉक्टरांचं नाव नाही. मी त्यांना ते दाखवलं, तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचलं, एका जागी स्वल्पविराम घातला आणि परत दिलं.

त्या सोमवारी संध्याकाळी दोन्ही सलीम आले. एकाच बिस्सीत दोन वर्षं जेवत होते, पण शिफ्ट वेगळी, त्यामुळे तोंडओळखीपलीकडे काही नव्हतं. डॉक्टरांनी दोघांना आळीपाळीनं एकटं आत घेतलं, दार लावून, पहिल्या भेटीपासून सगळं विचारलं. मला खुर्चीत बसवलं. "आपण पुसलंत, आपणच लिहा." मी लिहिलं. एका नोंदीत सुईचं, लाल अक्षरांत. दुसरीत गोळ्यांचं, सकाळची किती, रात्रीची किती. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत उस्ताद हाशिम. दुसऱ्याच्या पत्त्यात उस्ताद राजय्या.

मग आजार दिसणार नाहीत अशी नुसत्या नावांची यादी डॉक्टरांनी उघडायला लावली आणि दोघांनाही आत बोलावलं. स्क्रीनवर खाली-वर दोन ओळी होत्या, त्यांवर पिवळी पट्टी.

"ये तुम दोनों," डॉक्टर म्हणाले. लूम चालू होते आणि आवाज परत आपल्या जागी गेला होता. "ठीक से देख लो."

पट्टी बांधलेल्या सलीमनं वाकून पाहिलं. "इसमें मैं कौन?"

"हाशिम तेरा उस्ताद ना? तू ऊपर वाला."

"सुन लिया?" तो दुसऱ्याला म्हणाला. "ऊपर वाला मैं हूँ."

"तू ऊपरवाला कब से हो गया बे? हाथ तो सँभलता नहीं तेरे से."

वनिताताई हसल्या. दुसऱ्या सलीमनं खालच्या ओळीवर बोट टेकवलं, राजय्याच्या नावावर, आणि ते तिथेच ठेवून विचारलं, "अब ये मिटेगा तो नहीं?"

डॉक्टरांनी मान वळवली. ते माझ्याकडे पाहत होते.

मी 'वेगळ्या व्यक्ती'वर दाबलं. चौकोन उघडला: 'कारण लिहा'. मी लिहिलं: दोघेही समोर उभे आहेत.